हिवरदरीची सायकल-प्रदक्षिणा

घरात सशर्त मंजुरी कधी देऊ नये. कार्यालयात खुशाल द्यावी, कारण अट पूर्ण होईपर्यंत आपली बदली झालेली असते. घरून बदली होत नाही.

झालं असं की माझी बायको प्रतिमा पन्नाशीला टेकल्यावर सायकल शिकली. बुलडाण्यात ती एका शाळेत गणित शिकवते. तिथल्या खेळाच्या शिक्षिका समता मॅडम यांनी चार-पाच बायकांना मैदानावर धरून धरून शिकवलं. मला वाटलं, एकदा गुडघे फुटले की खूळ सुटेल. गुडघे फुटले, खूळ सुटलं नाही. दिवाळीनंतर मॅडमनी जाहीर केलं की जानेवारीत हा सगळा जथा कोकणात जाणार, आणि समुद्राच्या कडेकडेनं एक वाट आहे तिच्यावरून थोडं सायकलनं, थोडं पायी असं हिंडणार. पुण्याहून आमच्या लेकीनं, गार्गीनं, लगेच त्या वाटेचा व्हिडिओ पाठवला. एकीकडे निळं पाणी, दुसरीकडे सुरूची झाडं, मधून गुळगुळीत वाट, आणि तिच्यावर सायकलवाले, पायी फिरणारे, बाबागाडी ढकलणारे, सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि वाट देतात. आमच्याकडे रस्त्यात अनोळखी माणूस आपल्याकडे बघून हसला की आपण आधी आपलं टायर बघतो.

प्रतिमा म्हणाली, "मी जाते." लक्षात घ्या, 'जाऊ का' नाही.

मी जेवत होतो. मी वरिष्ठ लिपिक आहे आणि माझ्यासमोर कुठलाही विषय आला की त्यावर शेरा मारल्याशिवाय मला घास गिळवत नाही. मी म्हणालो, "समुद्र कुठे पळून जात नाही. आधी आपल्या हिवरदरी धरणाला काठाकाठानं एक पूर्ण फेरी मारून दाखव. मी येतो बरोबर. दोघांनी मिळून, मध्ये न सोडता. जमलं तर समुद्र मंजूर."

हिवरदरीचं धरण देऊळघाटाच्या पुढे आहे. त्याच्या काठानं पूर्ण फेरी मारायची तर बकरीसुद्धा आधी घरच्यांशी बोलून घेईल. शिवाय 'दोघांनी मिळून' हे शब्द मी मुद्दाम घातले होते, म्हणजे मी बसलो की प्रकरण आपोआप नस्तीबंद. नेमके त्या वेळी शेजारचे नारायणराव पेपर परत करायला आले होते. (ते पेपर रात्री परत करतात आणि सकाळी पुन्हा नेतात.) ते दारातूनच म्हणाले, "मी साक्षीदार, अनंतराव. आता फिरू नका."

पुढचा आठवडा सल्ल्यांचा गेला. मला सायकल घ्यावी लागली. दुकानदारानं मला गिअरवाली, वाकून चालवायची एक सायकल दिली. ती चालवताना माणूस सारखं काहीतरी पडलेलं शोधत असल्यासारखा दिसतो. नारायणरावांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, "सीट लय बारीक आहे. खाली गव्हाच्या पिठाचा गोळा बांधा." ज्ञानगंगेच्या अभयारण्यातून कधीमधी बिबट्या येतो, तो समोर आला तर पळायचं नाही, सायकल आडवी धरून हळूहळू मागे सरकायचं, असंही त्यांनी माझ्या अंगणात करून दाखवलं. मागे सरकताना ते तुळशीवृंदावनावर बसले. त्यांच्या पत्नी वंदनाताई प्रतिमाला म्हणाल्या, "तुझं होईल गं. यांना मात्र एखादी गोळी देऊन ठेव." कसली गोळी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माणसाला मान असतो.

धरणाच्या भिंतीवरून जायचं तर परवानगी लागते, म्हणून मी पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात गेलो. तिथे शंकरराव नावाचे माझ्यासारखेच जुने लिपिक होते. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"कारण काय लिहेल हाय हे? भ्रमंती?"

"हो."

"भ्रमंती नाई बसत. मासेमारी बसते, संशोधन बसते, धार्मिक बसते."

"पर्यटन लिहा."

"पर्यटनाले वर पाठवा लागते. वरून काई आलं, असं मी तं आजलोक पाह्यलं नाई." त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "धार्मिक लिहितो. शिवरात्रीले देतोच आपण. आज सही होऊन जाते."

एका लिपिकाला दुसरा लिपिक भेटला की भरून येतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. कागद तयार झाला: सपत्नीक, पायी व सायकलने, जलाशयाची धार्मिक प्रदक्षिणा करण्यास हरकत नाही. प्रत, माहितीसाठी, धरणाचे चौकीदार. मी तो कागद दोनदा वाचला आणि भाषेवर खूश होऊन घरी आलो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं सायकली टेम्पोत टाकून धरणाच्या फाटकाशी उतरलो, तर तिथे गाव जमलेलं. मी आधी बाजूला उभा राहिलो, कारण मला वाटलं कुणीतरी मंत्री येणार आहेत. तेवढ्यात एक उंच माणूस हातात झेंडूचा हार घेऊन पुढे आला आणि त्यानं तो माझ्या गळ्यात घातला. हा चौकीदार इंद्रभान. त्यानं माहितीसाठी आलेला कागद महादेवाच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखवला होता.

त्याचं असं होतं की दोन वर्षं हिवरदरीचं धरण अर्धंही भरलं नव्हतं आणि यंदा ते काठोकाठ भरलं होतं. पाण्याची ओटी भरून त्याला कुणीतरी जोडप्यानं प्रदक्षिणा घालावी असं गावाच्या मनात होतं, पण कोण घालणार यावरून गावात एकमत होत नव्हतं. तेवढ्यात सरकारचा कागद आला.

"सरकारनं सोताहून जोडपं पाठवलं!" इंद्रभान सगळ्यांना सांगत होता. "मी म्हनलं व्हतं ना, सरकारले बी कळते!"

मी घसा साफ केला. "हे बघा, थोडा गैरसमज होतोय. आम्ही आपले सहज फिरायला—"

प्रतिमानं माझ्या कोपराला चिमटा काढला. "गप्प राहा. ओवाळताहेत."

इंद्रभानची बायको रुख्मिणी खरोखरच ताट घेऊन उभी होती. तिनं ओवाळलं, प्रतिमाच्या ओटीत नारळ घातला आणि नियम सांगितले. पाणी उजव्या हाताला ठेवायचं. पायी चालायच्या जागी पायात काही घालायचं नाही. वाटेत कुणी काही खायला दिलं तर नाही म्हणायचं नाही. आणि एकदा निघालं की फेरी मोडायची नाही.

"मोडली तर?" मी विचारलं.

"असं काऊन बोलता, भाऊ, निंगाच्या वक्ताले?" रुख्मिणी म्हणाली, आणि बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हेल्मेट नीट करू लागलो.

पाणी उजव्या हाताला म्हटल्यावर माझी योजना कोसळली. मी आदल्या रात्री नकाशा काढून ठरवलं होतं की पाणी डाव्या हाताला ठेवून आधी पलीकडच्या खडकाळ, काटेरी भागात शिरायचं. म्हणजे प्रतिमा लवकर दमेल आणि दुपारच्या जेवणाला आपण घरी. आता आधी कालव्याचा मस्त मुरमाचा रस्ता आला. प्रतिमा पुढे, मी मागे. तिची ओढणी वाऱ्यावर आणि माझा हार मानेला घासत.

खरं सांगतो, सकाळ सुंदर होती. थंडी होती, ऊन कोवळं होतं, हरभऱ्याला घाटे धरले होते आणि पाण्यावर पांढरे बगळे उगीचच इकडून तिकडे जात होते. गार्गीच्या व्हिडिओतल्यासारखी ही वाटही सगळ्यांची होती. म्हशी होत्या, बकऱ्या होत्या, कांद्याचा ट्रॅक्टर होता, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बायका होत्या. फक्त तिथे लोक हसून वाट देत होते, इथे हात जोडून देत होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या पुढच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. त्या चाकानं दोनच मिनिटांपूर्वी काय तुडवलं होतं हे मला माहीत होतं, पण त्यांची श्रद्धा मोडायला मन धजलं नाही. म्हशींना मात्र कागदाची प्रत गेली नसावी. त्या हलल्या नाहीत. आम्हीच उतरून थांबलो.

मग मळे सुरू झाले आणि नाही म्हणायचं नाही हा नियम काय चीज आहे ते कळलं. पहिल्या मळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. दुसऱ्या मळ्यात हुरडा. तिसऱ्या मळ्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत ठेवले होते, आणि तिथल्या माणसानं आम्हाला लांबूनच बघून तुपाचं पातेलं उघडलं. प्रतिमा गणिताची. तिनं प्रत्येक ठिकाणी एक घास खाल्ला, तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाली, "यांना वाढा, यांना फार आवडतं." मला आवडतं हे खरं आहे. पण आवड आणि पोट यांची एक हद्द असते आणि रोडगा ही हद्द फार लवकर ओलांडतो. तिसरा रोडगा वरण आणि तुपासकट संपवून मी उठलो तेव्हा माझा पाय सायकलच्या दांडीवरून पलीकडे जाईना. मळेवाल्यानं तो उचलून ठेवला.

"काय म्हणता?" प्रतिमा म्हणाली. "दमलात का?"

"छे!" मी म्हणालो. नवऱ्यानं दुसरं काय म्हणायचं असतं?

पाण्याचं शेपूट जिथे नाल्यात शिरतं तिथे रस्ता संपला. पुढे पायवाट. म्हणजे बूट काढले. ते नवेकोरे बूट मी नाड्या बांधून गळ्यात हाराच्या शेजारी अडकवले, सायकल खांद्यावर घेतली आणि नाल्याच्या चिखलात उतरलो. प्रतिमा तिची सायकल ढकलत कडेच्या दगडांवरून आरामात पलीकडे गेली आणि मला म्हणाली, "इकडून या." मी म्हणालो, "मला माहिताय." एवढं वाक्य पूर्ण झालं, आणि माझा एक पाय गुडघाभर चिखलात आणि दुसरा कुठे गेला ते मला नक्की सांगता येणार नाही. सायकल आधी पडली. तिच्यावर मी पडलो. माझ्यावर रोडगे होतेच.

मला बाहेर काढायला पाचसहा माणसं लागली. ती कुठून आली कोण जाणे, पण आपल्याकडे पडलेल्या माणसाला एकांत मिळत नाही. सायकलचं मागचं चाक पापडासारखं वाकडं झालं होतं. माझा घोटा टम्म सुजला. चिखलानं मी इतका एकजीव झालो होतो की एका बाईनं प्रतिमाला विचारलं, "तुमचे मालक कोनते यातले?"

मला बाभळीखाली बसवलं. गोपाल नावाचा एक तरणा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला आणि म्हणाला, "बसा साहेब. धा मिन्टात फाटकावर सोडतो."

आता लक्षात घ्या. मी ट्रॅक्टरवर बसलो की संपलं. दोघांनी मिळून, मध्ये न सोडता. अट मोडली, समुद्र नामंजूर, आणि तेही अपघातामुळे, म्हणजे माझ्यावर ठपका नाही. अशी सोय नोकरीतसुद्धा सहज मिळत नाही. मी ट्रॅक्टरकडे बघितलं. प्रतिमानंही बघितलं. तिला काय कळलं ते मला कळलं.

ती माझ्याशेजारी मातीत बसली. बाटलीतलं पाणी घोट्यावर ओतत हळूच म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी समुद्र बघितला नाही म्हणून हट्ट करतेय. बघितलाय की. गार्गी लहान असताना आपण गेलो होतो. तुम्ही सगळे पाण्यात होतात आणि मी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं सांभाळत होते. लाटेचं पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही. मला एकदा त्याच्या कडेनं माझ्या पायांनी लांबच लांब जायचंय. कुणाचं काही न सांभाळता. बस, एवढंच." आणि मग म्हणाली, "बसा ट्रॅक्टरवर. पाय जास्त महत्त्वाचा."

ती रडत नव्हती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बाटलीचं झाकण लावत होती आणि झाकणाचे आटे काही केल्या बसत नव्हते. मला एकदम फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त, मला वाटलं की हिनं जावं. काहीही करून जावं.

"गोपालभाऊ, ट्रॅक्टर नको," मी म्हणालो. "चालणार नाही."

"काऊन?"

"इंद्रभान, कागद काढा."

मागोमाग चालत आलेल्या इंद्रभाननं बंडीच्या खिशातून कागद काढला. मी चिखलातल्या चिखलात ताठ बसलो. "वाचा. पायी व सायकलने. ट्रॅक्टरचा उल्लेख आहे का?"

"नाई बापा."

"मग ट्रॅक्टरवर बसलो तर प्रदक्षिणा नियमबाह्य होते. होते का नाही?"

"व्हते!" जमाव म्हणाला. नियमाचं एक सुख असतं, ते सगळ्यांना कळतं. पण लगेच प्रश्न आला की मग करायचं काय. पायी मला चालवत नव्हतं आणि माझी सायकल तर गेलीच होती. लोक चर्चा करू लागले. कुणी म्हणालं खांद्यावर घेऊ, कुणी म्हणालं खाटेवर नेऊ. खाटेवर न्यायला मी ठाम नकार दिला. घरून निघताना नारायणरावांनी जाताना कसे जाल आणि येताना कसे याल असं विचारलं होतं आणि खाट बघून त्यांना फार आनंद झाला असता.

तेव्हा जनकाबाई नावाची एक वाळकीशी म्हातारी पुढे आली. ती इतका वेळ काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होती. तिनं प्रतिमाच्या सायकलकडे बोट केलं.

"हिच्या मागं क्यारेल हाय ना? मंग बसवा त्याले तिथीसा."

सगळ्यांनी इंद्रभानकडे बघितलं. त्यानं कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत, सावकाश. "सायकलने, एवढंच लिहेल हाय. चालवाची का बसाची, हे नाई लिहेल."

"झालं तं मंग," जनकाबाई म्हणाली.

मी म्हणालो, "अहो पण—" भरदिवसा, धरणाच्या भिंतीवरून, बायको सायकल चालवतेय आणि वरिष्ठ लिपिक मागे कॅरिअरवर बसलाय, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण नियमाचा आधार मीच घेतला होता. प्रतिमानं कॅरिअरला बांधलेली पिशवी सोडली, ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि म्हणाली, "या."

पहिल्या वेळी आम्ही दोघं पडलो. दुसऱ्या वेळी मी एकटा पडलो. तिसऱ्या वेळी बायकांनी मागून ढकललं आणि सायकल चालू लागली. मी एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलो होतो, मांडीवर नारळ, गळ्यात बूट. आधारासाठी मी सीटखालची स्प्रिंग धरली होती, कारण चारचौघांत बायकोच्या कमरेला हात घालणं आमच्या खानदानात बसत नाही. पुढे एक खड्डा आला आणि खानदान मागे पडलं. मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. मागून बायकांनी जी काय किलकारी मारली ती पलीकडच्या काठापर्यंत गेली असेल.

"हलू नका," प्रतिमा धापा टाकत म्हणाली.

"मी हलत नाहीये. रोडगे हलताहेत."

ती हसली. सायकल चालवताना हसू नये असं समता मॅडमनी तिला शिकवलं होतं, पण ती हसतच राहिली, आणि खडकाळ भागात बायकांनी मागून ढकललेली सायकल वेडीवाकडी होत शेवटी भिंतीवर चढली. वर वारा होता. उजव्या हाताला काठोकाठ भरलेलं पाणी होतं, ऊन त्याच्यावर नाचत होतं, आणि पुढे प्रतिमाची घामानं भिजलेली पाठ. तिनं जोर लावला की तिचे श्वास मला हातांना कळायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मागे बसून कुठेतरी जात होतो आणि काय सांगू, मला फार छान वाटत होतं. मागून गाव चालत येत होतं. कुणीतरी महादेवाचा जयजयकार केला. कुणीतरी 'म्याडम की जय' म्हणालं.

फाटकाशी नारायणराव आणि वंदनाताई उभे होते. साक्षीदाराचं काम मनापासून करायचं म्हणून नारायणराव मोबाइलवर सगळं टिपत होते आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकतही होते. "अनंतराव, इकडे बघा! हसा जरा!" मी तोंड दुसरीकडे फिरवलं, तर तिथे वंदनाताई उभ्या होत्या आणि त्यांच्याही हातात मोबाइल होता.

प्रतिमानं ब्रेक दाबला, एक पाय टेकला आणि मला उतरवून घेतलं. इंद्रभाननं नारळ फोडला. रुख्मिणीनं प्रतिमाच्या पायावर पाणी घातलं. बाया एकेक करून तिच्या पाया पडू लागल्या. माझ्या पाया कुणी पडलं नाही, कारण ते चिखलात सापडत नव्हते. मी घसा साफ करून म्हणालो, "सदर प्रकरणी अटीची पूर्तता झाली असून—" पण तिकडे प्रतिमानं फोन कानाला लावला होता. "समता मॅडम? माझं नाव पक्कं करा. हो. झाली फेरी पूर्ण." एवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागली.

जनकाबाई काठी टेकत टेकत सगळ्यांत शेवटी पोचली. तिनं विचारलं, "कुठी जाऊन राह्यली वं पोरी?"

"समुद्रावर जाणार आहे, आजी. त्याच्या कडेनं फिरायला. थोडं सायकलनं, थोडं पायी."

"लय मोठा असते म्हन्तेत तो. त्याच्या भोवती किती दिस लागतीन?"

"त्याच्या भोवती नाही जाता येत, आजी. कडेकडेनं सरळच जायचं."

म्हातारी विचारात पडली. तिनं धरणाकडे बघितलं, जिथून निघालो तिथेच आम्ही परत आलो होतो ते फाटक बघितलं. मग म्हणाली, "मंग वापस कशी येशीन?"

प्रश्न खरा होता.

"मी जाईन आणायला," मी म्हणालो.

दिवसभरात पहिल्यांदा सगळं गाव माझ्याकडे आदरानं बघू लागलं. इंद्रभाननं मान हलवली. वंदनाताईंनी मोबाइल खाली घेतला. प्रतिमानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, म्हणजे हेल्मेटपासून सुजलेल्या घोट्यापर्यंत.

"या," ती म्हणाली. "पण आपली सायकल घेऊन या. मी डबलसीट आणणार नाही."